गाळलेला आवाज

१

कंपनीची बस शनिवारवाड्यापासून सुटली की हिंजवडी येईपर्यंत श्रीधर आगाशे डोळे मिटून पडायचा. बायको उल्का त्याला म्हणायची, पगार तुला ऑफिसात बसायचा मिळतो आणि झोप बसमध्ये. पण त्या आठवड्यात तो बसमध्ये झोपत नव्हता. त्याच्या 'भारनियमन' या बँडचा नवा अल्बम नेटवर आला होता, नाव 'पाचट', आणि लोक त्याबद्दल काय काय लिहितात ते वाचण्यात त्याचा प्रवास कसा संपायचा हे कळत नव्हतं.

बँड म्हणजे तसा लहानच कारभार. गिटार आणि ध्वनिमुद्रणाचं सगळं काम श्रीधरकडे, ढोलताशापासून पत्र्याच्या डब्यांपर्यंत बडवायचं काम त्याचा कॉलेजातला मित्र श्याम याच्याकडे. त्यांचं संगीत चारचौघांच्या पसंतीचं नव्हतं, याची दोघांनाही कल्पना होती. त्यामुळे शिव्या वाचतानाही श्रीधरला मजा येत होती. एकाने लिहिलं होतं, मिक्सरच्या भांड्यात खिळे टाकून झाकण दाबून धरल्यासारखं वाटलं, तरी उद्या पुन्हा ऐकणार आहे. दुसऱ्याने लिहिलं होतं, शेवटचं गाणं लागल्यावर आमचं कुत्रं गच्चीत निघून गेलं, ते जेवायलाही खाली आलं नाही. श्रीधर स्वतःशी हसला आणि बोटाने पुढे सरकला.

पुढचा अभिप्राय नागपूरच्या कुणा बाईंचा होता. त्यांनी मनापासून लिहिलं होतं. 'तिसऱ्या गाण्यात गिटार थांबते तिथे मागे एक माणूस गातो. फार लांबून गातो, पण अल्बमचा जीव त्याच्यात आहे. त्याचं नाव तुम्ही कुठेच दिलेलं नाही. असं का?'

श्रीधरने ते पुन्हा वाचलं. मग फोन मांडीवर पालथा ठेवला, जणू शेजारचा वाचेल.

'पाचट'मध्ये कुणीच गात नव्हतं.

२

आधी गात होता. त्याचं नाव बजरंग.

बजरंग हडपसरपलीकडच्या मांजरी गावचा. घरचा ऊस, आता निम्म्या रानात इमारती उभ्या राहिलेल्या. श्यामला तो एका लग्नात भेटला होता. बजरंगला राग, ताल यांतलं काही येत नव्हतं. त्याला हाळी घालता यायची. शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला बोलवायची असते तशी; पण तो ती लांबवायचा, मोडायचा, खाली आणायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की आपल्यालाच कुणीतरी बोलावतंय. अल्बमचं नावही त्यानेच दिलेलं. ऊस तोडून नेल्यावर रानात जो वाळला पाला उरतो, तो पाचट. सहा-आठ महिने तो दर रविवारी मांजरीहून कसब्यात यायचा, श्रीधरच्या माळ्यावरच्या खोलीत गायचा आणि उल्काच्या हातचे पोहे खाऊन परत जायचा.

मग मुंबईच्या एका म्युझिक कंपनीने अल्बम ऐकला. त्यांच्या माणसाने श्रीधरला फोनवर सांगितलं की संगीत उत्तम आहे, बाहेरच्या देशांतही चालेल, फक्त तो आवाज जरा गावाकडचा वाटतो. काढा असं तो म्हणाला नाही. विचार करा म्हणाला.

श्रीधरने विचार केला. श्यामशी बोलला. श्याम म्हणाला, तुला योग्य वाटतं ते कर, फक्त बजरंगला तू सांग. श्रीधरला वाटलं, श्याम सांगेल, त्याचा तो जास्त मित्र. एका रविवारी बजरंगला 'आज येऊ नकोस, थोडं काम आहे' असा निरोप देऊन श्रीधर माळ्यावर बसला आणि सगळ्या गाण्यांतून त्याने तो आवाज काढला. जिथे काढला तिथे पोकळी जाणवू नये म्हणून गिटारची तार थोडी जास्त वेळ वाजत ठेवली. ढोलावरच्या माइकमध्येही बजरंगचा आवाज झिरपला होता, म्हणून श्यामला बोलावून ढोल नव्याने वाजवून घेतले. शेवटी मूळ फायलीही पुसून टाकल्या. मशीनवर जागा कमी पडते, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं कारण हे होतं की त्या फायलींवर नाव लिहिलेलं होतं आणि मशीन उघडलं की ते समोर यायचं.

बजरंगला कुणीच काही सांगितलं नाही. अल्बम कधी येणार, एवढंच विचारायला त्याचे फोन येत. श्रीधर तारीख सांगायचा.

म्हणून त्या दिवशी ऑफिसात पोचल्यावर त्याने पहिलं काम केलं ते हे, की कानावर मोठे हेडफोन चढवून तिसरं गाणं ऐकलं. गिटार थांबली. तार वाजत राहिली, विरली. पुढे ढोल आले. मधे काही नव्हतं. नागपूरच्या बाईंच्या घराशेजारी कुणी गात असेल, असं त्याने ठरवलं आणि कामाला लागला.

३

शनिवारपर्यंत नागपूरच्या बाई एकट्या राहिल्या नाहीत. कोल्हापूरहून, ठाण्याहून, थेट दुबईहूनसुद्धा लोक त्या माणसाबद्दल विचारत होते. कुणी लिहिलं, आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. कुणी लिहिलं, मला वाटलं आमच्या जिन्यात कुणी आहे, मी दार उघडून पाहिलं. सगळे चांगलंच लिहीत होते.

श्रीधर दूध घेऊन येत होता, तेव्हा तळमजल्यावरचे यज्ञेश्वर काका दारात पेपर वाचत बसले होते. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "आपला तो प्रकार ऐकला. पुतण्याने लावला होता, मला पळता येत नाही."

श्रीधर हसून थांबला.

"तो गाणारा मनुष्य तेवढा माणसात आहे," काका म्हणाले, "बाकीच्यांचं काय बिनसलंय?" आणि त्यांनी पेपर पुन्हा वर केला.

दुपारी उल्का स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. श्रीधरने इयरफोनचं एक टोक तिच्या कानात घातलं, दुसरं आपल्या कानात, आणि तिला सांगितलं की कुणी गाताना ऐकू आलं तर बोट टेबलावर टेकव, थांबलं की उचल. तिला आधी गंमत वाटली. तिसरं गाणं सुरू झालं. गिटार थांबली आणि उल्काचं बोट टेबलावर आलं.

ती डोळे मिटून ऐकत होती. श्रीधरच्या कानात नुसती तार वाजत होती. ती तार किती लांबवली होती, कुठे कापली होती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कापलं होतं तिथेच उल्काचं बोट उचललं गेलं. पुढच्या जागी पुन्हा टेकलं, पुन्हा नेमक्या जागी उचललं. त्याने टोकांची अदलाबदल केली. तिच्या कानातलं आपल्या कानात घातलं, आपलं तिला दिलं. तिचं बोट तसंच चालत राहिलं.

"बजरंग किती छान गायलाय," ती म्हणाली. "तू तर म्हणाला होतास, त्याचं ठेवलं नाही."

"तुला तो स्पष्ट ऐकू येतो?"

उल्काने डोळे उघडले. "तुला येत नाही?"

त्याने येतं असं सांगितलं. मग बराच वेळ तो समोर बसून तिच्या जुडीतली मेथी निवडत राहिला. हे काम तो कधी करत नसे, आणि तिच्या ते लक्षात आलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी एरंडवण्यातल्या एका लहानशा सभागृहात श्यामने अल्बम ऐकण्याचा कार्यक्रम ठेवला होता. सतरंजीवर बसून लोकांनी अख्खा अल्बम ऐकायचा आणि मग त्यावर बोलायचं, अशी कल्पना. कॉलेजची मुलं होती, काही पिकल्या दाढीचे रसिक होते, एक-दोन आज्या नातवंडांबरोबर आल्या होत्या.

श्रीधर मागे भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला स्पीकर दिसत नव्हते, लोकांच्या पाठी दिसत होत्या. गिटार थांबली तशा त्या सगळ्या पाठी एकदम थोड्या पुढे झुकल्या. शेजारच्या खोलीत कुणी हळू बोलत असलं की आपण झुकतो, तशा. तार विरली आणि पाठी पुन्हा सरळ झाल्या. असं प्रत्येक गाण्यात झालं. सभागृहात पंखे बंद होते, कुणी खोकत नव्हतं. श्रीधरला आपला श्वास ऐकू येत होता.

मग अभिप्राय सुरू झाले. पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली की आधी तिला ती नुसती हाळी वाटली होती, पण गेल्या दोन दिवसांत तिला शब्द लागायला लागलेत. तिच्या मागच्या मुलाने मान डोलावली. शब्द आहेतच, तो म्हणाला, पूर्वी नव्हते, आता आहेत. यावर काहीजण हसले. ध्वनिमुद्रण काय रोज बदलतं का, असं कुणी विचारलं.

"तो 'आता येईल' म्हणतो," दाढीवाल्यांपैकी एक गृहस्थ म्हणाले. "प्रत्येक गाणं संपत आलं की म्हणतो."

"येईल नाही," ती मुलगी म्हणाली. "यील. 'आता यील' म्हणतो. गावाकडचा आहे ना."

सगळ्यांना ते पटलं. काय येईल, यावर मात्र एकमत होईना. एक म्हणाला पाऊस, दुसरी म्हणाली तो ज्याला हाक मारतो तो माणूस. मग मागून कुणीतरी म्हणालं की बँडचं नावच भारनियमन, तेव्हा दुसरं काय, वीज. सभागृह खळखळून हसलं. श्यामही हसला आणि म्हणाला की ते आम्ही ऐकणाऱ्यांवर सोडलंय.

कार्यक्रम संपल्यावर श्रीधरने त्याला जिन्यात गाठलं आणि विचारलं, तुला तो आवाज ऐकू येतो का. श्याम म्हणाला, पहिल्या दिवसापासून येतो. त्याची समजूत अशी झाली होती की श्रीधरला वाईट वाटलं असणार आणि त्याने गुपचूप बजरंगला परत घातलं असणार.

"मी फायली पुसल्यात," श्रीधर म्हणाला. "कुठून घालणार?"

 श्याम खिशातून गाडीची किल्ली काढत म्हणाला, "लोकांना आवडतंय ना. उगाच खोलात जाऊ नकोस." दोन पायऱ्या उतरल्यावर तो थांबला. "त्याला फोन केलास?"

"तू?"

श्याम उरलेल्या पायऱ्या उतरून गेला.

५

श्रीधर घरी गेलाच नाही. तसाच स्कूटरवरून हडपसर ओलांडून मांजरीला गेला. वाटेत त्याने काय बोलायचं ते ठरवलं, मोडलं, पुन्हा ठरवलं. बजरंग चिडलेला असेल, शिव्या देईल, कदाचित हात उगारेल, हे सगळं त्याला चाललं असतं. मनातल्या मनात त्याला तेच हवं होतं.

घरापुढच्या अंगणात, शेडखाली, बजरंग प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. समोर उसाचा राहिलेला तुकडा आणि त्यामागे नव्या इमारतींच्या गच्च्या. श्रीधरला पाहून त्याने मान हलवली. राग दिसला नाही. हाताने त्याने बस अशी खूण केली आणि पुन्हा उसाकडे बघू लागला.

त्याची आई, आनंदीबाई, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. श्रीधर या घरी जेवलेला होता. ती त्याला बाळा म्हणायची.

"लई दिसांनी आलास बाळा," ती म्हणाली. "त्याच्याशी काय बोलू नगंस, त्यो बोलत न्हाई."

"माझ्यावर रागावलाय का, मावशी?"

"कुनावर न्हाई रागावला. बोलनंच गेलंय त्याचं. हडपसरच्या डाक्टरला दावलं, घशात काय न्हाई म्हनले." तिने पदराने तांब्याचा काठ पुसून तो त्याच्या हातात दिला. "तुमचं गानं आलं ना, त्या दिसापास्नं."

मग तिने सगळं सांगितलं. तक्रार म्हणून नाही, आजारपण कसं सुरू झालं ते पाहुण्याला सांगतात तसं. अल्बम यायचा त्या संध्याकाळी बजरंगने शेजारपाजाऱ्यांना बोलावलं होतं. थोरल्या भावाने, जयसिंगने, मंडपवाल्याकडून मोठा स्पीकर आणला होता. तिने शिरा केला होता. अंगणात सतरंज्या घातल्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना खुर्च्या दिल्या, आणि बजरंगने फोन स्पीकरला जोडून अल्बम लावला.

"एक गानं झालं, म्या इचारलं, तुजं आलं का रं? म्हनला, आता यील. दुसरं झालं. मानसं बसल्याली. म्या पुन्यांदा इचारलं. म्हनला, आता यील. असंच समदी गानी झाली बघ. शेवटाला त्यानं माज्याकडं बघितलं बी न्हाई, नुस्तं त्या पेटीकडं बघून म्हनत हुता. आता यील. आता यील." ती थांबली. "गानी सपली. जयसिंगानं स्पीकर आत नेला. मानसं शिरा खाऊन गेली, चांगलं हाय म्हनली. तवापास्नं त्याच्या तोंडातनं शबूद न्हाई."

श्रीधरच्या हातात तांब्या तसाच होता. तो खाली कुठे ठेवायचा, हे त्याला सुचेना.

६

त्याने बजरंगसमोर उकिडवं बसून माफी मागितली. ठरवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. माझं चुकलं, मी तुला सांगायला हवं होतं, असं काहीतरी तो बोलला. सांगायला हवं होतं हे म्हणताना त्याला स्वतःलाच कळलं की चूक ती नव्हे. बजरंगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जड, गरम हात, आणि काढून घेतला.

"लाव की ते गानं," आनंदीबाई म्हणाली. "त्या दिशी मला म्हातारीला नीट ऐकाया आलं नसंल. लोक म्हनत्यात, हाय त्यो त्यात. जयसिंगाची पोरं बी म्हनत्यात. मला लावाया येत न्हाई."

नको म्हणायला काही कारण नव्हतं. श्रीधरने फोन काढला, तिसरं गाणं लावलं आणि फोन ओट्यावर ठेवला. दुपारचं ऊन होतं. उसात वारा नव्हता. फोनच्या बारीक आवाजात गिटार पत्र्यासारखी वाजली आणि थांबली.

"हाय की," आनंदीबाई म्हणाली.

तिचा चेहरा उजळला होता. ती फोनजवळ सरकली आणि तिने त्याच्यावरून हात फिरवला. "बजरंगा, आलं बघ तुजं."

श्रीधरने बजरंगकडे पाहिलं.

बजरंग उसाकडे तोंड करून बसला होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, छाती भरत होती, रिकामी होत होती. तो सगळ्या ताकदीने हाळी घालत होता, आणि त्यातलं काहीही बाहेर येत नव्हतं. तार विरली तसं त्याचं तोंड मिटलं. पुढच्या जागेला उघडलं. आई त्याच्याकडे पाठ करून बसली होती. ती फोनला मान डोलावत होती.

हा माणूस गाणं ओळखून तोंड हलवतोय, श्रीधरने स्वतःला सांगितलं. त्यानेच गायलेलं आहे, त्याला जागा पाठ आहेत. हे पटण्यासारखं होतं, आणि गाणं संपेपर्यंत त्याने ते धरून ठेवलं.

गाणं संपलं. फोनचा पडदा विझला. आनंदीबाई अजून ऐकत होती.

"व्हय," ती फोनला म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "बरं." मग तिने श्रीधरकडे वळून पाहिलं. "तुला इचारतोय."

"मला?"

"मगाधरनं तुलाच इचारतोय न्हवं. सांग की त्याला."

बजरंगने खुर्ची वळवली होती. तो श्रीधरकडे बघत होता. त्याचे ओठ हलले, काहीतरी छोटंसं, तीन-चार शब्दांचं, आणि थांबले. मग पुन्हा तेच हलले. श्रीधरने त्या ओठांवरून वाचायचा प्रयत्न केला. वाचता आलं नाही. मला ऐकू येत नाही, हे त्या दोघांना सांगणं त्याला जमलं नाही. त्याने जे केलं होतं त्यानंतर हे सांगणं त्याला फारच निर्लज्जपणाचं वाटलं.

"हो," तो म्हणाला.

आनंदीबाईने डोळ्यांना पदर लावला. "हो म्हनला रं," ती फोनला म्हणाली.

बजरंग उठला, घरातून दुसरी खुर्ची घेऊन आला, ती त्याने आपल्या खुर्चीशेजारी उसाकडे तोंड करून ठेवली आणि तिच्या बैठकीवर हाताने थोपटलं. श्रीधर जाऊन बसला. ऊन उतरेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले. तो घरी निघाला तेव्हा त्याचा जबडा दुखत होता आणि घसा कोरडा पडला होता, दिवसभर बोलल्यासारखा.

७

अल्बम काढून टाकावा, असं त्याच्या मनात त्या रात्रीच आलं. पण तो काढला तर बजरंगचा जो काही आवाज जगात उरला होता तोही जाईल, हे त्याला दिसत होतं, आणि आनंदीबाईचा उजळलेला चेहराही. त्याने काहीच केलं नाही. दर रविवारी तो मांजरीला जाऊन त्या खुर्चीत बसू लागला. तिथे काय करतोस, असं उल्काने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, बसतो.

अभिप्राय येतच होते. आता ते वेगळे होते. कुणी लिहिलं, मागे दोघं बोलतायत का? कुणी लिहिलं, दुसरा माणूस कालपरवापर्यंत नव्हता. मग लोकांची मतं बनू लागली. दुसऱ्याचं मराठी शुद्ध आहे पण ऐकवत नाही. दुसरा सारखा स्वतःबद्दल सांगतो, कसं झालं, का झालं, त्याचा नाइलाज कसा होता. नागपूरच्या बाईंनी पुन्हा लिहिलं: 'तो दुसरा माणूस मध्ये मध्ये बोलतो, त्यामुळे गाणाऱ्याचं काहीच ऐकू येत नाही. तो खोटं बोलतोय हे कुणालाही कळेल. कृपया त्याला काढा.'

एका सुट्टीच्या सकाळी उल्का ओट्यापाशी उभी राहून इयरफोन लावून ऐकत होती. श्रीधर मागे टेबलाशी चहा घेत बसला होता. ती बराच वेळ हलली नाही. तिच्या मानेकडे पाहून त्याला कळलं की ती कुठलं गाणं ऐकतेय.

"गप्प बस ना जरा," ती मागे न वळता म्हणाली. "त्याला बोलू दे."

श्रीधरने तोंडही उघडलं नव्हतं. त्याने कप खाली ठेवला.

तेवढ्यात श्यामचा फोन आला. मुंबईच्या कंपनीवाल्यांनी त्याला सांगितलं होतं की तक्रारी फार आहेत, दुसरा आवाज काढून अल्बम पुन्हा चढवा. श्यामने मशीन उघडून पाहिलं होतं. त्याच्याकडच्या अल्बमच्या प्रतीत तो दुसरा आवाज पडद्यावर वेगळा दिसत होता, एका ओळीत, स्वच्छ. पूर्वी ती ओळ तिथे नव्हती, हेही त्याने सांगितलं, पण पटकन, पुढे जायच्या घाईने.

"एका झटक्यात निघेल," तो म्हणाला. "तू काढतोस की मी काढू?"

"पहिल्या आवाजाला धक्का लागेल?"

"नाही. उलट तो मोकळा होईल."

श्रीधरने फोन दुसऱ्या कानाला लावला. "कुणाचा आहे रे तो दुसरा?"

पलीकडे श्यामने खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. 

"मी तुला विचारलं नाही," श्याम म्हणाला. "तूही विचारू नकोस."

"काढ," श्रीधर म्हणाला. "तूच काढ. आत्ता."

त्याने फोन ठेवला. उल्काने इयरफोन काढले होते आणि ती त्याच्याकडे पाहत होती. त्याने तिला समोर बसायला सांगितलं आणि सांगायला सुरुवात केली. बजरंगला येऊ नकोस म्हणून निरोप दिला त्या रविवारपासून. कंपनीच्या माणसाने काय म्हटलं आणि काय म्हटलं नाही. फायली का पुसल्या, जागेचं कारण कसं खोटं होतं. मांजरीच्या अंगणात काय विचारलं गेलं ते आपल्याला ऐकू आलं नव्हतं, तरी आपण हो म्हणालो. हे सगळं, असं खरं खरं, त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तो भराभर बोलत होता, स्वतःला न वाचवता, आणि बोलता बोलता त्याला पहिल्यांदाच हलकं वाटत होतं.

उल्का आधी ऐकत होती. मग तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. ती टेबलावर किंचित पुढे झुकली.

"काय म्हणालास?" ती म्हणाली. "जरा मोठ्याने बोल."

श्रीधरने आवाज चढवला. जबडा दुखेपर्यंत, गळ्याच्या शिरा ताणेपर्यंत चढवला. उल्का उठून त्याच्या अगदी जवळ आली. ती आता त्याच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होती. तो बोलत राहिला.